मोडलेला नेम आणि साधकाचे ध्येय

अवतारदिनाच्या दिवशी, पारायणाच्या समाप्तीला, किंवा एखाद्या थोर अधिकरणाचे निरूपण ऐकून उठताना पुष्कळ साधक मनाशी काही नेम करतात. कोणी पहाटे उठून नामस्मरण करण्याचा, कोणी रोज पोथीचे एक पान अभ्यासण्याचा, कोणी कठोर न बोलण्याचा, कोणी तंबाखू सोडण्याचा नेम करतो. पहिले आठ-पंधरा दिवस तो नेम उत्साहाने चालतो. पुढे एक दिवस चुकतो, मग दोन दिवस चुकतात, आणि महिना-दोन महिन्यांनी त्या नेमाची आठवणही नकोशी वाटू लागते. हा अनुभव उपदेशी गृहस्थांचा आहे तसाच तो भिक्षुकांचाही आहे. तेव्हा वारंवार मोडणारा नेम साधकाने पुन्हा धरावा की सोडून द्यावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. त्याच्या उत्तरावर साधकाची पुढील सर्व वाटचाल अवलंबून असते.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्यात प्रचलित आहेत. पहिले उत्तर असे की, जो नेम पाळणे शक्य नाही तो करूच नये; केलेला नेम मोडण्यापेक्षा न केलेला बरा. दुसरे उत्तर असे की, मनात हेतू शुद्ध असला म्हणजे पुरे. आचरणात कमीजास्त व्हावयाचेच. पहिले उत्तर कठोर दिसते आणि दुसरे दयाळू दिसते. पण परिणाम पाहू जाता दोहोंची गती एकच आहे. पहिल्याने साधक नेम करीतच नाही आणि दुसऱ्याने केलेला नेम पाळीत नाही. दोन्ही मार्गांनी तो जेथे होता तेथेच राहतो. म्हणून या दोहोंपलीकडे काही उत्तर आहे काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा करू. ध्येय आणि नेम हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि निम्मा घोटाळा तेथेच होतो. ध्येय म्हणजे जावयाचे ठिकाण. नेम म्हणजे त्या दिशेने रोज चालावयाचे अंतर. ऋद्धिपूरला पायी निघालेल्या मनुष्याने रोज पाच कोस चालण्याचे ठरविले आणि एके दिवशी पायाला फोड आल्यामुळे तो दोनच कोस चालला, तर त्याचा नेम मोडला. ऋद्धिपूर काही त्या दिवशी दूर सरकले नाही. परंतु ‘आता पाच कोसांचा नेम मोडलाच आहे’ असे म्हणून तो माघारी फिरला, तर मात्र ध्येय गेले. पायाच्या फोडाने जे झाले नसते ते त्याच्या समजुतीने झाले. नेम मोडणे ही एका दिवसाची हानी आहे. नेम मोडला म्हणून ध्येय सोडणे ही जन्माची हानी आहे. या दोहोंतले अंतर ज्याने ओळखले त्याला उत्तराचा अर्धा भाग सापडला.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे. भगवंतांनी मनोनिग्रहाचा उपदेश केल्यावर अर्जुन प्रथम म्हणतो की, मन फार चंचल आहे, त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्यासारखे कठीण वाटते. त्यावर श्रीकृष्ण भगवंत ती अडचण नाकारीत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करूनच ते अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. मग अर्जुन आणखी खोल शंका काढतो: ज्याच्या ठिकाणी श्रद्धा आहे परंतु प्रयत्न पुरा पडला नाही आणि जो मध्येच ढळला, त्याचे काय होते? इकडचाही गेला आणि तिकडचाही गेला, असा तो फुटलेल्या ढगासारखा विरून जातो काय? भगवंतांचे उत्तर असे की, कल्याणाकडे वळलेल्याची दुर्गती होत नाही. त्याने केलेला अभ्यास वाया जात नाही आणि जेथे खंड पडला तेथून तो पुढे चालू लागतो.

या उत्तरात आश्वासन आहे, पण सवलत नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. भगवंतांनी अभय दिले आहे ते ढळलेल्या साधकाला. बसून राहिलेल्याला दिलेले नाही. आणि अभ्यास या शब्दाचा अर्थच पुन्हा पुन्हा करणे असा आहे. जे एकदाच केले आणि कधी चुकले नाही त्याला अभ्यास म्हणत नाहीत. चुकणे आणि पुन्हा धरणे हे दोन्ही अभ्यासाच्या पोटात येतात. तेव्हा नेम मोडल्याचा दिवस अभ्यासाच्या बाहेरचा नव्हे, तो अभ्यासातलाच एक दिवस होय.

आता एका परकीय पुरुषाचे उदाहरण घेऊ. ते आपल्या मार्गाचे नाही, परंतु आत्मसुधारणेचा प्रयोग एखाद्याने किती काटेकोरपणे करून पाहिला आणि त्यात त्याला काय आढळले, हे त्यावरून कळते. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन हे १७०६ साली बॉस्टन येथे जन्मले. पुढे फिलाडेल्फिया शहरी ते मुद्रणाचा व्यवसाय करीत. सन १७३० च्या सुमारास त्यांनी नैतिक पूर्णत्व गाठण्याचा संकल्प केला आणि मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटता, न्याय, संयम, स्वच्छता, शांती, शुचिता व नम्रता असे तेरा गुण निवडले. एका लहान वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले. पानावर आठवड्याच्या वारांची सात घरे आडवी आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी उभ्या आखल्या. दिवसभरात ज्या गुणाविरुद्ध वर्तन घडेल त्या गुणाच्या घरात रात्री काळा ठिपका मांडावयाचा. एका आठवड्यात एकाच गुणावर मुख्य लक्ष ठेवावयाचे. अशा रीतीने तेरा आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षात चार आवर्तने होत.

या वहीतली दोन वैशिष्ट्ये साधकाने विचारात घेण्यासारखी आहेत. एक असे की, त्यांनी पुण्याची नोंद ठेवली नाही, दोषांची ठेवली. दुसरे असे की, तेरा शत्रूंशी एकदम लढण्याऐवजी एकेकाला आठवडा दिला. आरंभीच त्यांना आढळले की, आपण समजत होतो त्यापेक्षा आपले दोष कितीतरी अधिक आहेत. नव्या आवर्तनासाठी जुने ठिपके खोडून खोडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्यांनी हस्तिदंताच्या पातळ पानांची वही केली, म्हणजे ओल्या स्पंजाने ठिपके पुसता येत. व्यवस्था हा गुण त्यांना सर्वांत जड गेला. तो इतका, की तो प्रयत्न सोडून द्यावा असे त्यांना वाटू लागले; आणि त्या प्रसंगी त्यांनी आपल्या आत्मचरित्रात एका कुऱ्हाडीचा दृष्टांत दिला आहे.

दृष्टांत असा. एका मनुष्याने लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतली. तिची धार जशी चकचकीत होती तशी सगळी कुऱ्हाड चकचकीत करून द्यावी, असे तो म्हणाला. लोहार म्हणाला, ‘देतो, पण साणेचे चाक तू फिरव.’ मनुष्य चाक फिरवू लागला. लोहाराने कुऱ्हाडीचे रुंद पाते साणेवर जोराने दाबून धरले, त्यामुळे चाक फिरविणे फार कष्टाचे झाले. मनुष्य घटकाघटकेला उठून पाही, किती झाले. शेवटी तो म्हणाला, ‘आहे तशी दे.’ लोहार म्हणाला, ‘फिरव, फिरव, अजून ठिपके आहेत, हळूहळू जातील.’ तेव्हा तो मनुष्य म्हणाला, ‘होय, पण मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड अधिक आवडते.’

दार्ष्टांतिक असे. कुऱ्हाड म्हणजे साधकाचे अंतःकरण, साण म्हणजे आचार, चाक फिरविणे म्हणजे नित्याचा अभ्यास. मनुष्य दमला यात त्याचा दोष नाही. दमणे हा देहाचा धर्म आहे. ‘मी दमलो, उरलेले उद्या करू’ असे तो म्हणाला असता तर ते सत्य झाले असते. दोष त्याच्या शेवटच्या वाक्यात आहे. ज्याला तो डाग म्हणत होता त्यालाच आता तो शोभा म्हणू लागला. शक्ती कमी पडली म्हणून त्याने आवडच बदलली. साधकाचे खरे पतन नेम मोडल्याने होत नाही. मोडलेल्या नेमाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसविल्याने होते. पहाटे जाग आली नाही, हे स्खलन आहे. ‘पहाटेच उठले पाहिजे असे कोठे आहे? मन जागे असले म्हणजे झाले’ असे दुपारी म्हणणे हा विकल्प आहे. स्खलनावर अनुतापाचा उपाय चालतो. विकल्पावर तो चालत नाही, कारण विकल्प झालेल्याला आपले काही चुकले असे वाटतच नाही.

येथून मूळ प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. नेम मोडला असता त्याचे माप कमी करावयास हरकत नाही. दिशा मात्र बदलू नये आणि दोषाला गुण म्हणू नये. घटकाभर स्मरण निभत नसेल तर पाव घटका करावे, परंतु ‘मी पाव घटकाच करू शकतो’ हे सत्य स्वतःशी आणि आपल्या अधिकरणाशी स्पष्ट बोलावे. कमी केलेले माप ही नम्रता आहे. लपविलेले माप हा दंभ आहे.

शंका– दोषांची अशी मोजदाद ठेवीत बसल्याने मनुष्य सदैव स्वतःकडेच पाहत राहणार नाही काय? आणि सुधारणा झाली तर ‘मी सुधारलो’ हा अहंकार, न झाली तर ‘मी निरुपयोगी’ हा विषाद, असे दोन नवे विकार निर्माण होणार नाहीत काय?

समाधान– ही शंका यथार्थ आहे. फ्रँकलिन यांच्याच प्रयोगात तिचा पुरावा मिळतो. त्यांच्या यादीत आरंभी बाराच गुण होते. एका स्नेह्याने ‘लोक तुम्हांला गर्विष्ठ समजतात’ असे सांगितल्यावर नम्रता हा तेरावा गुण त्यांनी जोडला. १७८४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पॅरिसजवळ पासी येथे राहत असता या प्रयोगाची हकिकत लिहिताना त्यांनी प्रांजळपणे कबूल केले आहे की, नम्रतेचे बाह्य रूप पुष्कळ साधले, आंतरिक रूप तितके साधले असे म्हणवत नाही. गर्वासारखा जिंकण्यास कठीण विकार दुसरा नाही. आणि तो आपण पूर्णपणे जिंकला असे वाटले असते तर बहुधा त्या नम्रतेचाच गर्व झाला असता. पन्नासेक वर्षांनंतर मागे वळून पाहताना आलेली ही कबुली मोलाची आहे. तिचे कारण असे की, वहीही स्वतःची, यादीही स्वतःची, परीक्षकही स्वतःच. आरोपीनेच न्यायाधीश व्हावे तसे हे आहे. अशा न्यायालयात शिक्षा झाली तरी न्यायासनावर बसल्याचा मान काही सुटत नाही. आजकाल भ्रमणध्वनीवर पावले, झोप आणि जप यांची गणती ठेवण्याची सोय झाली आहे. तिची मर्यादाही हीच होय. गणती यंत्र करते, परंतु कौल देणारा ‘मी’ तेथेच बसलेला असतो.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील म्हाइंभटांचे चरित्र आठवावे. म्हाइंभट सराळ्याचे, मोठे व्युत्पन्न पंडित. शास्त्राचा अभिमान बाळगूनच ते श्रीचक्रधरस्वामींच्या भेटीला आले आणि स्वामींच्या ज्ञानापुढे तो अभिमान उतरला. परंतु आम्हांस येथे त्यांच्या पुढील कार्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. स्वामींच्या पश्चात त्यांच्या लीळा संग्रहित करण्याचे कार्य म्हाइंभटांनी अंगावर घेतले. श्रीनागदेवाचार्यांच्या स्मरणाच्या आधारे आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांना गावोगाव जाऊन विचारून, शके १२०० म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे.

आता या कार्याचे स्वरूप पाहावे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेला पंडित हातात लेखणी घेऊन साध्या स्त्री-पुरुषांपुढे बसतो आणि ते सांगतील ते त्यांच्याच मराठीत लिहून घेतो. तेथे आपली विद्वत्ता मिरविण्यास जागा नाही. आपले शब्द घालण्यास तर मुळीच नाही. ज्याने पाहिले तो मोठा, ज्याने वाचले तो नव्हे. ‘मी गर्व सोडीन’ असा नेम म्हाइंभटांनी केला होता की नाही, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. गर्व बाळगून जे करताच येणार नाही असे काम त्यांनी पत्करले, आणि त्या कामातच गर्वाला उपवास घडला. आमच्या मते आत्मसुधारणेचे मर्म येथे आहे. दोषाशी समोरासमोर झुंज घेतली तर दोषच सारखा डोळ्यांपुढे राहतो. दोषाला खाद्य मिळणार नाही अशा सेवेत स्वतःला गुंतविले तर तो हळूहळू कृश होतो. वही टाकून द्यावी असे याचे तात्पर्य नव्हे. वही दोष दाखविण्यापुरती असावी; तो घालविण्याचे स्थान सेवा, आणि निवाड्याचे स्थान आपल्याहून वेगळे, म्हणजे आचारधर्म व अधिकरण, असावे.

शंका– मोक्ष जर परमेश्वराच्या कृपेनेच प्राप्त होणार आणि जीवाच्या स्वतःच्या सामर्थ्याने नव्हे, तर आत्मसुधारणेचा हा खटाटोप कशासाठी?

समाधान– जीव आणि परमेश्वर हे आपल्या शास्त्रात भिन्न पदार्थ आहेत. जीव कितीही सुधारला तरी परमेश्वर होत नाही. म्हणून आत्मसुधारणा हे मोक्षाचे मूल्य नव्हे, की जे मोजून दिले असता कृपा विकत मिळावी. परंतु यावरून ती निरर्थक ठरत नाही. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी मृगापूर्वी नांगरतो, वखरतो, धसकटे वेचतो. त्याने नांगरले म्हणून पाऊस पडत नाही, हे तो जाणतो. परंतु पाऊस पडला आणि शेत नांगरलेले नसले तर पाणी वाहून जाते, हेही तो जाणतो. जो म्हणेल ‘पाऊस माझ्या हाती नाही, मग नांगरू कशाला?’ त्याला गाव शहाणा म्हणत नाही. कृपेची वाट पाहणे म्हणजे काय, हे या शेतकऱ्यापासून शिकावे. आणि एक गोष्ट यातून निष्पन्न होते: पीक आले असता ‘हे माझ्या नांगराचे’ असे म्हणण्याचे धाडस त्याला होत नाही. कृपेचा सिद्धांत प्रयत्नाला मारक नाही; प्रयत्नाच्या अहंकाराला मारक आहे.

शंका– हे सर्व भिक्षुकांना ठीक. गृहस्थाने मुलांचे शिक्षण, घर, शेती, कर्जफेड अशी ध्येये ठेवू नयेत काय?

समाधान– अवश्य ठेवावी. जो कुटुंबाचा भार स्वीकारतो त्याने तो नीट वाहणे हा त्याचा धर्मच आहे. कर्ज बुडवून नामस्मरण करणारा काही विरक्त ठरत नाही. मात्र या ध्येयांचा एक स्वभाव ओळखून असावे. ती प्राप्त झाली की संपतात. घर बांधून होते, मुलगा नोकरीस लागतो, आणि मन लगेच पुढचे काही मागू लागते. अनित्य फळाचे लक्षणच असे की ते हाती येताच भूक पुन्हा जागी होते. म्हणून अशा प्रत्येक ध्येयापाशी एक प्रश्न ठेवावा: हे साधीत असता मी कसा होत आहे? घर उभे राहिले, पण बांधताना भावाशी वैर झाले, गवंड्याची मजुरी बुडविली, तर घराच्या हिशेबात लाभ आणि माणसाच्या हिशेबात तोटा झाला. प्रापंचिक ध्येय आणि आत्मसुधारणा ही दोन वेगळी कामे नव्हेत. पहिले काम ज्या रीतीने केले जाते त्या रीतीतच दुसरे घडते किंवा बिघडते.

शेवटी व्यवहाराकडे वळू. नेम करताना तो मनाच्या अवस्थेचा करू नये, आपल्या हातून होण्यासारख्या कृतीचा करावा. ‘मला क्रोध येणार नाही’ हा नेम करणाऱ्याच्या हाती नाही. क्रोध येताना विचारून येत नाही. ‘क्रोध आला असता त्या वेळी बोलणार नाही, आणि बोलले गेलेच तर सूर्यास्तापूर्वी त्या मनुष्याची क्षमा मागेन’ हा नेम हाती आहे. या दुसऱ्या नेमात मोडण्याची शक्यता आधीच धरलेली आहे आणि मोडल्यावर काय करावयाचे तेही त्यातच सांगितलेले आहे. ज्या नेमाच्या पोटात त्याचे प्रायश्चित्त असते तो नेम सहसा सुटत नाही, कारण चुकलेल्या दिवशीही त्याचा निम्मा भाग पाळता येतो.

त्याचप्रमाणे नेम का मोडला, हेही तपासावे. आवेशात मोठे माप धरले म्हणून मोडला असेल तर माप उतरवावे. चार जणांनी पाहावे म्हणून धरला असेल तर पाहणारे गेल्यावर तो मोडणारच. तो गुप्तपणे पुन्हा आरंभावा. आळसाने मोडला असेल तर अनुताप करावा आणि दुसऱ्या दिवशी धरावा. मधल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट करण्याच्या भरीस पडू नये, कारण तो दुसरा आवेश होय. आणि परदुःखासाठी मोडला असेल तर तो मोडलाच नाही असे समजावे. विजनाला निघालेल्या साधकाला वाटेत आजारी वृद्ध धर्मबंधू दिसला आणि त्याच्या उशाशी बसण्यात त्याचा दिवस गेला, तर त्या रात्री वहीत ठिपका मांडण्याचे कारण नाही. जो अशा वेळी वृद्धाला ओलांडून विजनाला जातो, त्याने नेम राखला खरा, पण ज्यासाठी नेम होता ते सोडले.

तेव्हा ज्या सद्भक्तांचा अवतारदिनी केलेला नेम आज बंद पडला असेल, त्यांनी पुढच्या अवतारदिनाची वाट पाहू नये. नेम धरण्यास मुहूर्त लागत नाही. तो जेथे सुटला असेल तेथून, झेपेल तेवढ्या मापाने, उद्या पहाटे धरावा.